करदोड्याला बांधलेला फॉन्ट

वायाळ सरांना गणित येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण परतूरमध्ये बऱ्याच लोकांना अजूनही वाटतं की ते गणितातले मोठे जाणकार आहेत. शाळांचे आणि शिकवण्यांचे गणिताचे पेपर त्यांच्याकडे टाइप व्हायचे, त्यातून हा समज झाला होता आणि सरांनी तो जपून वाढवला होता. ‘सर’ ही पदवीही त्यांना कुणी दिलेली नव्हती. दुकानाच्या पाटीवर ती त्यांनी स्वतःच घातली होती : अचूक टायपिंग सेंटर, प्रो. वायाळ सर. ‘प्रो.’ म्हणजे प्रोप्रायटर. कुणी प्रोफेसर वाचलं तर सरांची हरकत नसे.

दुकान स्टेशन रोडला एका आडतीच्या वर होतं. कापसाच्या दिवसांत खालून तंतू उडत यायचे आणि की-बोर्डच्या फटींत बसायचे. सर ते मोराच्या पिसाने झटकायचे. संगणकाचा खालचा डबा, ज्याला ते ‘मशीन’ म्हणत, तो पाटावर ठेवलेला असे. त्याच्यावर जुनी शाल. समोर उदबत्तीचं घर. त्या मशीनमध्ये काय होतं ते मला सहा महिन्यांनी कळलं.

मी तिथे लागले तेव्हा बारावी होऊन घरी बसले होते. जालन्यात इंग्रजी शाळेत शिकले, मग वडिलांची बदली परतूरला झाली. मराठी यायची मला, पण लोकांसमोर कुठलीच भाषा यायची नाही. सरांना तेच हवं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक इंग्रजी परिच्छेद टाइप करायला लावला, चुका मोजल्या, आणि म्हणाले, “कॉन्व्हेंट हाय का? बराबर. आपल्याला बोलणारी पोरगी नकोच होती.” तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट पडलं. माझं खरं नाव त्यांनी विचारलं होतं की नाही, आठवत नाही.

सरांना आकडे पाठ होते. एवढं एकच त्यांचं भांडवल. की-बोर्डवर जी चिन्हं नसतात ती एक बटण दाबून धरून चार आकड्यांनी आणता येतात. अंशाचं चिन्ह शून्य एक सात सहा. गुणिले शून्य दोन एक पाच. भागिले शून्य दोन चार सात. असे शेकडो आकडे सरांना येत. ते एका लाल वहीत लिहिलेले होते, आणि ती वही कुलपात असे. रोज सकाळी चहा येईपर्यंत ते माझी परीक्षा घेत. चुकलं तर माझ्या वाटचा चहा परत पाठवत. एखादे मुख्याध्यापक पेपर घेऊन आले तर त्यांनाही सोडत नसत. “सर, इतकी वर्षं गणित शिकवून राह्यले तुम्ही. अधिक-वजा एकावर एक काढायचा नंबर सांगा.” मुख्याध्यापक ओशाळून हसत. सर मागे टेकून बसत, पोटावर हात ठेवत आणि आकडा स्वतःच सांगत. समोरचा माणूस लहान झाल्याशिवाय त्यांना काम सुरूच करता यायचं नाही.

पण चिन्हांचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, आणि हवाही नव्हता. ‘पेक्षा मोठे’ला ते उजवी चोच म्हणत आणि ‘पेक्षा लहान’ला डावी चोच. थीटा म्हणजे पोटात रेघ. पाय म्हणजे टेबल. एकदा एका शिकवणीवाल्याने सांगितलं, सर, हे टेबल नाही, याला पाय म्हणतात. सर म्हणाले, “टेबलाला पाय असत्यातच ना. लिही कॉन्व्हेंट.” दुकानात सगळे हसले. पुढे तो शिकवणीवालाही टेबलच म्हणू लागला. मला तेव्हा वाटलं होतं की हा माणूस निदान गमत्या आहे. तेवढंसुद्धा वाटून घ्यायला नको होतं.

मशीनमध्ये होता तो सरांचा स्वतःचा फॉन्ट. त्याचं नाव ‘वायाळ’. औरंगाबादच्या कुणाकडून तरी त्यांनी फॉन्ट बनवायचं एक जुनं सॉफ्टवेअर आणलं होतं आणि त्यात बसून चिन्हं काढली होती. चिन्हं चांगली नव्हती. मुळाचं चिन्ह डाव्या अंगाला कलायचं, अनंताचं चिन्ह पिळलेल्या फडक्यासारखं दिसायचं. पण त्यातली खरी करामत वेगळी होती. ती सरांनी मला एका दुपारी दाखवली, कारण कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं आणि मी बोलणारी नव्हते.

गोष्ट साधी आहे. संगणक चिन्ह लक्षात ठेवत नाही, चिन्हाचा क्रमांक लक्षात ठेवतो. त्या क्रमांकावर कुठलं चित्र काढायचं हे फॉन्ट ठरवतो. सरांनी आपल्या फॉन्टमध्ये चित्रांची अदलाबदल केली होती. अधिकच्या क्रमांकावर वजा ठेवलं होतं, वजाच्या क्रमांकावर अधिक. उजव्या चोचीच्या जागी डावी, डावीच्या जागी उजवी. आम्ही टाइप करताना मुद्दाम उलटं बटण दाबायचो (इतके दिवस मला वाटत होतं की-बोर्डच तसा आहे), म्हणजे कागदावर बरोबर उमटायचं. पण तीच फाइल दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की तिथे ‘वायाळ’ नसल्यामुळे साधा फॉन्ट लागायचा, आणि सगळी चिन्हं उलटी व्हायची. ठोकळे दिसले असते, भलतंसलतं काही दिसलं असतं, तर माणूस सावध झाला असता. इथे सगळं नीटनेटकं दिसायचं. फक्त खोटं असायचं.

“कुलूप दिसलं की चोर फोडतो,” सर म्हणाले. “माझं दिसतच न्हाई. फाइल उघडंल त्याची, पण पेपर न्हाई उघडायचा.”

मी विचारलं की गिऱ्हाईकाला सांगता का. माझं ते बहुतेक त्या आठवड्यातलं पहिलं वाक्य असावं.

“गिऱ्हाईक दुसरीकडं जातंच कशाला?”

दर वर्षी लक्ष्मीपूजनाला ते कुलूप बदलायचे. खालच्या आडतीत वह्यांची पूजा चाले तेव्हा वर सर मशीनला हळद-कुंकू वाहत, आणि मग एकटे बसून चिन्हांच्या नव्या जोड्या फिरवत. कधी अधिक-वजा सरळ करून गुणिले-भागिले उलटे. कधी चोची तशाच. वायाळ-एक, वायाळ-दोन, असे फॉन्ट वाढत गेले होते. मी होते तेव्हा वायाळ-सहा चालू होता. लाल वहीत हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळे फॉन्ट मशीनमध्ये होते आणि एका पेनड्राइव्हवर. तो पेनड्राइव्ह सर करदोड्याला बांधत, शर्टाच्या आत, प्लॅस्टिकच्या पुडीत. आंघोळीलाही सोडत नसत. बोलता बोलता त्यांचा हात कमरेला जाऊन यायचा. बाकीची माणसं खिसा चाचपतात तसा.

साळवे मॅडम एका खाजगी शाळेत तासिकेवर गणित शिकवायच्या. दहावीचे वर्ग त्यांच्याकडे होते, पण नेमणूक वर्षावर्षाची. त्यांचे वडील रेल्वेत रूळ तपासायला होते आणि मॅडमही पेपर तसाच तपासत. हाताने सुंदर अक्षरात लिहून आणत, मी टाइप केल्यावर लाल पेन घेऊन बसत, एकेका चिन्हाखाली टिंब देत शेवटपर्यंत जात, मग प्रत्येक पानाखाली सही करत. सरांना ते आवडत नसे. “आमच्याकडं चुका होत न्हाईत, मॅडम.” मॅडम मान वर न करता म्हणत, “माझ्याकडं होत्यात ना सर.” मला त्या आवडत. त्या मला नावाने हाक मारत.

त्या वर्षी दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर त्यांनी असाच तपासला, सह्यांचं प्रूफ आमच्याकडे ठेवलं आणि स्वच्छ प्रत नेली. दोन दिवसांनी परत आल्या. शाळेने ठरवलं होतं की या वेळी सगळ्या विषयांचे पेपर जालन्याच्या प्रेसमधून एकत्र छापून घ्यायचे, तर फाइल हवी. सरांचा चेहरा बदलला. लगेच सावरला. त्यांनी स्वतः उठून फाइल मॅडमच्या पेनड्राइव्हवर टाकली. एरवी ही कामं माझी असत.

“सर, तिकडं बराबर उघडंल ना?” मॅडमनी विचारलं.

“उघडंल की. का न्हाई उघडायची?”

मी तीन फुटांवर बसले होते. मॅडम जिना उतरेपर्यंत मला वेळ होता. मी स्क्रीनकडे पाहत राहिले. याबद्दल मी स्वतःविषयी फार चांगलं लिहू शकत नाही, म्हणून लिहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी पहिल्याच प्रश्नात वर्गसमीकरणाचे अवयव पडेनात. मुलं खोडत बसली. पुढे जे कधीच सिद्ध होणार नाही ते सिद्ध करायला सांगितलं होतं. हुशार मुलं जास्त अडकली, कारण बाकीच्यांनी तो प्रश्न सोडून दिला. एक मुलगी रडत बाहेर आली. संध्याकाळी पालक शाळेत गेले. मॅडमनी छापील पेपर पाहिला आणि तशाच आमच्या दुकानात आल्या, मागितला तो एकच कागद : त्यांच्या सह्यांचं प्रूफ. सर म्हणाले, “प्रूफ आमी ठेवत न्हाई, मॅडम. रद्दी होती ती.” तो कागद त्याच दिवशी दुपारपर्यंत खिळ्याला टोचलेला मी पाहिला होता.

मुख्याध्यापकांनी मॅडमना माफीनामा लिहून द्यायला सांगितलं. निष्काळजीपणे चुकीचा पेपर दिला, अशा शब्दांत. तो दिला की पुढच्या वर्षीची तासिका गेलीच, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी एकच अट घातली. वायाळ सरांच्या मशीनवरची फाइल सगळ्यांसमोर उघडून पाहायची, मग माफीनामा देते.

सरांना हा मान वाटला. मशीन शालीत गुंडाळून रिक्षातून नेलं, स्वतःच्या मांडीवर. मला सोबत घेतलं, कारण चष्म्याचा नंबर वाढल्याने ते लोकांसमोर टाइप करायला कचरत. मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन-तीन शिक्षक होते. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. टेबलावर त्यांचा माफीनामा लिहून तयार होता, घडी घातलेला.

मी फाइल उघडली. सगळी चिन्हं बरोबर. मग तीच फाइल मॅडमच्या पेनड्राइव्हवरून शाळेच्या संगणकावर उघडली. सगळी उलटी. मुख्याध्यापकांनी सरांकडे पाहिलं. गणितातला जाणकार माणूस म्हणून पाहिलं.

सरांचा हात कमरेला जाऊन आला. मग म्हणाले, “माझ्याकडून फाइल बराबर गेल्ती. हे तं दिसूनच राह्यलं. मधी मॅडमनं घरी उघडून पाह्यली असंल. काहीतरी सुधारायला गेल्या असत्याल. होतं असं. हात लागतो.”

“मी उघडलीच नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मंग आपोआप झालं का?” सर हसत म्हणाले, आणि एक शिक्षकही हसला.

मुख्याध्यापकांनी तो घडी घातलेला कागद आपल्याकडे ओढला.

मला बोलता आलं नसतं. मी प्रयत्नही केला नाही. माझ्यासमोर सरांचं मशीन चालू होतं आणि माझा हात माउसवर होता. मी पहिल्या प्रश्नातलं एक समीकरण निवडलं, वर फॉन्टची यादी उघडली, आणि वायाळ-सहाच्या जागी साधा इंग्रजी फॉन्ट लावला. वजाचं अधिक झालं. अधिकचं वजा झालं. मी परत वायाळ-सहा लावला. सगळं बरोबर झालं. परत साधा लावला. कुणीतरी खुर्ची पुढे ओढली. मी खाली जाऊन चोचींचं एक उदाहरण निवडलं, तिथेही तसंच केलं. सर म्हणाले, “कॉन्व्हेंट, बंद कर.” मी अजून एकदा केलं आणि मग हात मांडीवर ठेवले.

मॅडम भिंतीपासून निघाल्या, टेबलापाशी आल्या, मुख्याध्यापकांच्या बोटांखालचा आपला कागद काढून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. मुख्याध्यापकांनी अडवलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सरांचा खरा गुण यानंतर दिसला. मुख्याध्यापकांनी हळू आवाजात विचारलं, म्हणजे ही फाइल कुणी चोरली, तर त्याला पेपर कळणारच नाही का? आणि दुसऱ्याच क्षणी सर ताठ बसले. “तेच तं सांगून राह्यलो. सुरक्षा हाय ही. पेपर फुटायचं कामच न्हाई.” अर्ध्या तासापूर्वी मॅडमचा हात लागला म्हणणारा माणूस आता कुलपाची थोरवी सांगत होता, आणि समोरचे माना डोलवत होते. मशीन शालीत गुंडाळेपर्यंत संस्थेच्या सगळ्या शाळांचं काम त्यांना मिळालेलं होतं. मॅडमना कुणी काही म्हणालं नाही. माफी तर नाहीच. त्या चहा न घेता वर्गावर गेल्या.

सर दुकानाशी उतरल्यावर म्हणाले, “उद्यापासून येऊ नको. तुला नंबर पाठ झाले.”

मॅडमची पुढच्या वर्षीची तासिका टिकली. पुढे त्यांनी परीक्षा दिल्या आणि आता जालन्याच्या एका शाळेत त्या कायम आहेत. मीही जालन्यालाच एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. आमचे पेपर आता असे होतात की कुठल्याही संगणकावर तेच चिन्ह तसंच दिसतं. त्यात कुणाची करामत नसते. मला ते फार आवडतं.

मागच्या उन्हाळ्यात सर तिथे आले. मी खाली मान घालून काम करत होते, तर काउंटरवर मोराच्या पिसासारखी बोटं हलली आणि आवाज आला, “कॉन्व्हेंट, वळखलं का?” शर्ट तसाच बाहेर सोडलेला. काखेत दोनेकशे कागदांचा गठ्ठा. इतक्या वर्षांच्या पेपरांतून वेचून त्यांनी पुस्तक काढायचं ठरवलं होतं : वायाळ सूत्रसंग्रह. पण मशीन मेलं होतं. सीडीवर उतरवून ठेवलेल्या फाइली नव्या मशीनवर उघडत होत्या, फॉन्ट नव्हते. पेनड्राइव्हचं विचारलं, तर त्यांनी काउंटरसमोरच शर्ट वर करून दाखवला. करदोड्याला तो अजून होता, पुडीसकट, आतून गंजून हिरवा पडलेला. घामाने गेला, पाण्याने गेला, सांगता येत नव्हतं. चार दुकानांत लावून पाहिला, म्हणाले. मेलेला पेनड्राइव्ह ते अजून बांधून फिरत होते.

मी कागद चाळले. कुठलं पान वायाळ-दोनचं, कुठलं पाचचं, कळायला मार्ग नव्हता. एका पानावर अधिक-वजा उलटे, पुढच्यावर सरळ पण चोची उलट्या, तिसऱ्यावर काय उलटं ते ओळखायलाच गणित यायला हवं होतं. सगळं नीटनेटकं दिसत होतं.

“तू जल्दी एकदा नजर टाक,” ते म्हणाले. “कोणतं उलटं, कोणतं बराबर, एवढंच सांग. नंबर मी टाकतो.”

मी म्हणाले, मला इतकं गणित येत नाही. जालन्यातच साळवे मॅडम आहेत, त्या टिंब देऊन देऊन सगळं तपासतील. त्यांना विचारा.

“कोणत्या मॅडम?”

मी शाळेचं नाव सांगितलं. सराव परीक्षेचं सांगितलं. सरांनी बराच वेळ आठवलं, आणि मग चेहरा उजळला.

“हां, त्या. त्यांचं काम मीच तं निस्तरल्तं तवा. मशीन घेऊन गेल्तो की शाळेत, मांडीवर.”

हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात ती गोष्ट खरोखरच तशी बसलेली होती. मी मॅडमचा पत्ता लिहून दिला नाही. कागद नीट रचून त्यांच्याकडे सरकवले आणि पुढच्या मुलाची पावती घेतली.

थोड्या वेळाने खिडकीतून पाहिलं तर सर फाटकाशी रिक्षाची वाट पाहत उभे होते. गठ्ठा भिंतीवर ठेवलेला. एक कागद हातात धरून ते त्याच्यावरच्या चिन्हावर बोट ठेवून बघत होते. मग त्यांनी कागद खालचा वर करून धरला, आणि आता तरी चोच बरोबर बाजूला दिसते का, ते मान वाकडी करून पाहू लागले.